दोन ते चार

आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असते. जिन्याजवळच्या फळ्यावर तसा कागद डकवलेला आहे, आणि कुणाकडे सुतार किंवा लादीवाले येणार असले की सेक्रेटरी आधी त्यांना त्या कागदापाशी नेऊन उभं करतात. त्यामुळे गेल्या जूनमधल्या एका दुपारी, पावणेतीनच्या सुमाराला, कुठूनतरी ठक् ठक् ठक् सुरू झालं तेव्हा मला आधी राग आला. पहिल्या मजल्यावर तेव्हा बाथरूमचं काम निघालं होतं. आठ दिवस कटरचा किरकिराट, जिन्यात सिमेंटच्या गोण्या, लिफ्टमध्ये पांढरी धूळ. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या इमारतीत बाथरूमच्या खिडक्या एका अरुंद डक्टमध्ये उघडतात, आणि डक्टमधला आवाज वरून आला की खालून हे कधीच कळत नाही. तीन ठोके, मग जरासा थांबा, मग पुन्हा तीन. पाऊस नुकताच धरला होता. डक्टच्या तळाशी टाकलेल्या पत्र्यावर थेंब तडतडत होते आणि त्या तडतडीतून तो आवाज एका लयीत येत होता. त्या लयीमुळेच माझी खात्री पटली, की हा कामावरच्या माणसाचा हात आहे.

मी तेव्हा सिनेमा बघत होते. दुपारचं जेवण झालं, भांडी घासून झाली, की खोलीचे पडदे ओढून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बघायचा, अशी माझी गेल्या काही वर्षांची सवय. त्यातही मला एकाच जागेत अडकलेल्या माणसांचे सिनेमे फार आवडतात. खोली, लिफ्ट, गाडी, होडी, काहीही चालतं. त्या दिवशी ‘द गिल्टी’ लावला होता, गुस्ताव म्योलर या दिग्दर्शकाचा २०१८ मधला डॅनिश सिनेमा. पोलिसांच्या आपत्कालीन फोनवर रात्रपाळीला बसलेला एक अधिकारी, त्याच्या कानातला हेडफोन, आणि पलीकडून बोलणारी एक घाबरलेली बाई. ती आपल्या लहान मुलीशी बोलत असल्यासारखी बोलते, कारण शेजारी कुणीतरी आहे. सबंध सिनेमात आपण त्या कचेरीबाहेर जात नाही. ती बाई आपल्याला एकदाही दिसत नाही. गाडीचा घरघराट, काचेवरचा पाऊस, वायपर, एवढ्यावरून त्या अधिकाऱ्यानं सगळं ओळखायचं आणि आपणही त्याच्याबरोबर ओळखायचं. एका वेळेला तो शेजारच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसतो आणि पडदे ओढून घेतो, म्हणजे कुणाची लुडबूड नको. मी बरोबर तिथेच सिनेमा थांबवला. बाहेरची ठकठक असह्य झाली होती. उठून बाथरूममध्ये गेले, खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांची दांडी खाली ओढली. त्या पट्ट्या जुन्या आहेत, मिटताना खाड् असा मोठा आवाज करतात. मग परत येऊन इयरफोन जरा खोल खोचले आणि सिनेमा पुढे चालू केला.

पाच वाजून गेल्यावर दाराची बेल वाजली. वरच्या काकूंकडे काम करणाऱ्या मावशी होत्या. काकू दार उघडत नाहीत, फोन आत वाजतोय पण उचलत नाहीत, तुमच्याकडे चावी असते ना, म्हणाल्या. असतेच. काकू एकट्या असतात, मुलगा परदेशात, म्हणून त्यांच्या घराची एक चावी आमच्या दारामागच्या खिळ्याला कायम अडकवलेली असते. लाल रिबिनीची. ती काढून आम्ही दोघी वर धावलो. लॅच उघडलं आणि घरात पाऊल टाकताक्षणी मला तो आवाज आला. ठक् ठक् ठक्. आता त्याला दिशा होती, आणि आता तो फार हळू येत होता.

बाथरूमचा दरवाजा लाकडी, जुना. पहिल्या पावसात फुगला होता, आणि आतल्या कडीचा दांडा वाकून जागच्या जागी घट्ट बसला होता. काकू दोनच्या आसपास दोन कपडे भिजवायला आत गेल्या आणि कडी लावून घेतली. घरात दुसरं कुणी नसताना. साठ वर्षांची सवय, हात आपोआप जातो, असं त्या नंतर म्हणाल्या. पहिल्या मजल्यावरच्या कामावर आलेल्या सुताराला बोलावून आणलं, त्यानं पटाशीनं कडीच्या बाजूचं लाकूड फोडून दार मोकळं केलं. काकू पालथ्या घातलेल्या बादलीवर बसलेल्या होत्या, हातात स्टीलचा तांब्या. तांब्याच्या काठाला पोचे आले होते. घसा पूर्ण बसला होता. पाणी प्यायल्या, राहिलेली बीपीची गोळी घेतली, आणि मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “तुला आवाज नाही का गं आला?”

“नाही हो काकू,” मी म्हणाले. “कानात घातलं होतं ना.”

कानात घातलं होतं हे खरंच होतं, पण ते कशासाठी आणखी खोल खोचलं होतं, ते मी सांगितलं नाही. हे वाक्य तोंडातून निघायला मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता, आणि तेच मला नंतर कित्येक रात्री टोचत राहिलं. रात्री सगळं निजानीज झाल्यावर मी तो आवाज आठवून बघायची. लादी बसवताना रबरी हातोडा वापरतात, त्याचा आवाज बोदा येतो. हा खणखणीत होता, लोखंडी पाइपावर धातू आपटल्याचा. शिवाय दोन ते चार. ज्या नियमावरून मी चिडले, त्याच नियमानं मला सांगायला हवं होतं की या वेळेला हातोडा चालवणारं कुणी नाही. मला आवाज आला होता, त्याचा अर्थही मी लावला होता. आणि त्या डॅनिश सिनेमातल्या अधिकाऱ्याचंही नेमकं तेच होतं. त्याला सगळं ऐकू येतं, तो झटपट अर्थ लावतो, जीव तोडून धावपळ करतो, आणि तो अर्थ चुकतो. कसा, ते इथे सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा. तो निदान धावपळ तरी करतो.

अशा सिनेमांचं वेड मला कुठून लागलं, हे आठवायचं तर गिरगावातल्या आमच्या चाळीपर्यंत मागे जावं लागतं. आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला तो मधल्या खोलीत, आणि दूरदर्शनवर बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ लागला तेव्हा त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही वीसेक माणसं दाटीनं बसलो होतो. मला त्यातला कायदा फारसा कळला नाही. पण पडद्यावर बारा माणसं एका खोलीत घामाघूम होऊन भांडत होती आणि इकडे आम्ही वीस जण एका खोलीत घामाघूम होऊन ते बघत होतो, हे मात्र अंगाला कळलं. पंकज कपूर किंचाळायला लागला की पुढे बसलेली मुलं मागे सरकायची, आणि मागे सरकायला जागा नसायची. कुणाच्या तरी डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास, स्टोव्हवर ठेवलेल्या चहाचा वास, खिडकीत उभे राहून बघणारे शेजारच्या मजल्यावरचे लोक. सिनेमा संपल्यावर गॅलरीत आलो तेव्हा वारा अंगाला लागला आणि मी मोठा श्वास घेतला. त्या श्वासासाठी मी तसले सिनेमे आजवर बघत आले असेन.

ज्या मूळ सिनेमावरून तो केला, तो सिडनी ल्युमेटचा १९५७ मधला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, मी कॉलेज संपल्यावर पाहिला. आणि खूप नंतर वाचलं, की ती घुसमट अपघातानं आलेली नव्हती. सुरुवातीच्या भागात कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा उंच ठेवलेला आहे, मधल्या भागात डोळ्यांच्या रेषेत, आणि शेवटच्या भागात त्याखाली. त्यामुळे शेवटी शेवटी खोलीचं छत दिसायला लागतं, आणि ते डोक्यावर उतरत आल्यासारखं वाटतं. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात, म्हणजे मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन चिकटल्यासारखी होते. आपल्याला यातलं काहीच दिसत नाही. आपण फक्त गळ्याशी हात नेतो. अगदी शेवटी माणसं कोर्टाबाहेर पायऱ्यांवर येतात तेव्हा एकदम रुंद दृश्य येतं, पावसानं धुतलेलं. ल्युमेटनं तो श्वास शेवटपर्यंत राखून ठेवला होता. आमच्या चाळीच्या गॅलरीतला वारा तर कुणी राखून ठेवलेला नव्हता, तरी मला दोन्ही एकच वाटतात.

हे तंत्र समजल्यावर माझं प्रेम वाढलंच. हिचकॉकच्या १९४८ मधल्या ‘रोप’मध्ये सगळी गोष्ट एका घरात, जवळजवळ अखंड एका दमात घडल्यासारखी दिसते. तेव्हा कॅमेऱ्यात एका वेळी साधारण दहा मिनिटांचीच फिल्म मावायची. म्हणून तेवढाले लांब तुकडे घेतले, आणि कॅमेरा फिरायला जागा हवी म्हणून सेटच्या भिंती चाकांवर सरकवल्या जात. नट बोलतोय आणि त्याच्या पाठीमागून भिंत निघून चालली आहे! २०१० मधल्या ‘बरीड’मध्ये तर पुरा दीड तास एक माणूस जमिनीखालच्या शवपेटीत आहे, आणि कॅमेरा त्या पेटीबाहेर पाऊल टाकत नाही. पण चित्रीकरणासाठी वेगवेगळ्या सात पेट्या केल्या होत्या, कुठली एका बाजूनं उघडी, कुठली जास्त लांब. म्हणजे आपण ज्या भिंतीवर डोकं आपटत असतो ती कुणीतरी हातानं हलवत असतं. हे माहीत असून मला तेवढीच भीती वाटते. काकूंच्या बाथरूमची एकही भिंत हलणारी नव्हती.

चाळीचं नाव काढलं की लगेच उघडी दारं आणि एकमेकांच्या वाट्या यायला लागतात. ते खोटं नाही. पण मला त्या वयात हवी होती ती कडी. आतून लावता येईल अशी, माझी एकटीची. अंघोळ मोरीत पडदा लावून, कपडे बदलायचे ते मोरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, पत्र वाचायचं ते जिन्याच्या वळणावर. दार आतून लावलं की लगेच बाहेरून हाक यायची, काय गं, बरं नाही का? बंद दाराचा अर्थ आजारपण नाहीतर भांडण. म्हणून लग्नानंतर ठाण्याला या घरात आले, पहिल्यांदा बाथरूममध्ये शिरून कडी लावली, आणि कडी सरकल्याचा तो लहानसा आवाज ऐकला, तेव्हा मला रडू आलं होतं. सुखानं. काकू सहा दशकं कडी लावत आल्या, घर रिकामं असताना लावत आल्या, यात मला काडीचंही नवल वाटत नाही.

आणि त्याच चाळीत, कोपऱ्यातल्या खोलीत एक वहिनी राहायच्या. त्यांच्या आणि आमच्या खोलीमध्ये लाकडी पार्टिशन, वर दोन वीत मोकळं. रात्री अकरा-साडेअकराला त्यांचा नवरा यायचा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा ते सुरू व्हायचं. आधी भांडं पडल्याचा आवाज. मग त्याचा दबका आवाज. मग असा आवाज, जो मी लहानपणी गादी झटकल्याचा समजायची. वहिनी कधीच ओरडल्या नाहीत. सगळा मजला जागा असायचा. मला माहीत आहे, कारण सगळ्या मजल्याचं घोरणं त्या वेळी थांबायचं. एकदा बाबा उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. आई अंथरुणातूनच म्हणाली, “अहो, त्यांच्या घरातलं आहे.” बाबा तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी दार उघडलं नाही, पण मोठ्यांदा खाकरले. दोनदा. पलीकडे एकदम शांत झालं. त्यानंतर ते प्रत्येक वेळी तसंच खाकरायचे, आणि दहा मिनिटं, कधी रात्रभर, पलीकडे थांबायचं. बाबांचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. पुढे कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली, की हा माणूस एवढंच करू शकला. आता पन्नाशी उलटल्यावर, एका दुपारी खिडकी लावून घेतल्यावर, मला ते खाकरणं पुन्हा वेगळं ऐकू येतं. वहिनींना त्यातून काय कळत असेल? कुणीतरी जागं आहे, हे तरी. पण येत कुणी नाही, हेही.

वहिनी एका पावसाळ्यात माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. खोलीत दुसरे बिऱ्हाडकरू आले.

‘रिअर विंडो’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमची चाळच आठवली होती. हिचकॉकनं १९५४ मध्ये केलेला. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक फोटोग्राफर उकाड्याच्या दिवसांत खिडकीशी बसून समोरच्या घरांमध्ये बघत बसतो. ते सगळं चौकाभोवतीचं जग, तब्बल ३१ घरं, स्टुडिओच्या आत बांधलेलं होतं. बहुतेक लोक त्यातल्या खुनाबद्दल बोलतात. माझ्या मनात मात्र कुत्र्याचा प्रसंग बसला आहे. वरच्या मजल्यावरच्या एका जोडप्याचं लहानसं कुत्रं चौकात मरून पडलेलं सापडतं, कुणीतरी मान पिरगाळलेली. ती बाई रात्री गॅलरीतून ओरडते, साऱ्या शेजाऱ्यांना विचारते, तुम्हाला शेजारी या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का, कुणी जगलं काय नि मेलं काय, तुम्हाला काही आहे का. सगळा सिनेमा खोलीतून बघत आलेला कॅमेरा इथे थोडा वेळ चौकात उतरतो, एकेका खिडकीपाशी जातो. सगळी माणसं आपापल्या खिडकीत, गॅलरीत आलेली. एकच घर काळोखात, आणि त्या काळोखात सिगारेटचा एक ठिपका लाल होतो, विझतो, लाल होतो. नायकाला त्यावरून गुन्हेगार कळतो. जो बाहेर आला नाही, तोच. हे दृश्य मी किती जणांना रंगवून सांगितलं असेल. जूननंतर ते दृश्य पुन्हा पाहिलं तेव्हा मी त्या अंधाऱ्या खिडकीच्या आत बसलेली होते. पडदे ओढलेले, मांडीवर लॅपटॉपचा उजेड.

आपल्याकडचं म्हणाल तर मला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हाही याच जातीचा खेळ वाटतो, कुणी त्याला थरारक म्हणो न म्हणो. तेंडुलकरांचं १९६७ मधलं नाटक, सुलभा देशपांड्यांची बेणारे, आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुब्यांनी केलेला त्याचा सिनेमा. सुरुवातीलाच बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेमटतं, आणि तो साधा सामंत तिला त्या कडीची खोड समजावून सांगतो, की ती जरा जरी बाहेर राहिली आणि दार ओढलं, की आतला माणूस अडकलाच. प्रेक्षक हसून ते विसरतात. पुढे बेणारे निघून जायला दाराशी धावते तेव्हा दार उघडत नाही. तेंडुलकरांनी पहिल्या काही मिनिटांत कडी सांगून ठेवली होती. मी राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका प्रयोगात तो क्षण पाहिला आणि माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं माझा हात धरला. त्या खोलीत बेणारे एकटी नसते. तिला ऐकू येईल एवढ्या अंतरावर तिच्या ओळखीची सगळी माणसं असतात. मला काकूंच्या कडीपेक्षा ही कडी जास्त भयाण वाटते. निदान काकूंच्या दाराबाहेर कुणी हसत नव्हतं.

काकूंची भीती मला कळावी म्हणून मी त्यांना त्या तीन तासांबद्दल बरंच विचारलं, कधी भाजी निवडताना, कधी लिफ्टमध्ये. त्यांनी सांगितलेलं सगळं सिनेमासारखं नव्हतं. पहिली पंधरा मिनिटं त्या कडीशी झटल्या, मग हाताला साबण लागला होता तो धुतला आणि पुन्हा झटल्या. मग हाका मारल्या. घसा बसला. रामरक्षा म्हणायला घेतली, पण मधलाच एक श्लोक सुटला, आणि सुटला म्हणून जास्त घाबरायला झालं, तेव्हा ती सोडून दिली. लाद्या मोजल्या. आणि मग, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी निवडायची मेथी हातात धरून बसले, मग त्यांनी भिजवलेले कपडे धुवून, पिळून, नळाच्या दांडीवर वाळत घातले. “हाताला काहीतरी हवं ना गं. नाहीतर डोकं फिरायचं.” कपडे झाल्यावर तांब्या घेतला. दोन बादल्या, एक मग, तांब्या, धुण्याचा ब्रश, साबणाची वडी, अशी मोजदाद करून त्यांनी तांब्या निवडला होता, आणि पाइपावर कुठे आपटला तर जास्त वाजतो तेही दोन-तीन ठिकाणी आपटून बघितलं होतं. सारखं वाजवलं तर हात दुखेल म्हणून तीन ठोके आणि थांबा. मी जी लय कामकऱ्याची समजले, ती हात पुरवून वापरायची लय होती.

मग त्यांनीच एकदा म्हटलं, तू तसले सिनेमे बघतेस म्हणतेस, मला दाखव की एखादा. मी नको म्हणत होते. ‘कौन’ लावावा का असा विचार केला, मी तो १९९९ मध्ये थिएटरात पाहिला होता आणि ऊर्मिलेच्या त्या घराची बेल वाजली की खुर्चीचा हात धरायची. पण एकट्या राहणाऱ्या बाईला तो दाखवणं मला बरं वाटेना. १९६९ चा ‘इत्तेफाक’ त्यांनी तरुणपणीच पाहिलेला, राजेश खन्ना आणि एकही गाणं नाही म्हणून तेव्हा सगळे नवल करत होते, असं म्हणाल्या. शेवटी श्रावणातल्या एका दुपारी विक्रमादित्य मोटवानेचा ‘ट्रॅप्ड’ लावला, २०१७ मध्ये आलेला. प्रभादेवीच्या एका उंच, रिकाम्या इमारतीत राजकुमार राव घाईघाईनं भाड्यानं घर घेतो. इमारतीत दुसरं कुणी राहत नाही. एका सकाळी चावी बाहेर कुलपात राहते, दार बंद होतं, आणि तो आत. फोनची बॅटरी संपते, वीज जाते, पाणी जातं.

काकू पाय वर घेऊन, मांडीवर उशी घेऊन बसल्या होत्या. त्यांचं लक्ष माझ्यासारखं नव्हतं. मी कॅमेरा बघते, त्या वस्तू बघत होत्या. “पाणी गेलं? अरे देवा. माझ्याकडे पाणी तरी होतं.” “तो खोका फेकू नकोस म्हणावं, लागेल.” कबुतराच्या प्रसंगाला त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि संपलं का, संपलं का, विचारत राहिल्या. पाऊस येतो आणि तो माणूस मिळेल त्यात पाणी धरायला लागतो, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. बाहेरही पाऊस होता. आमच्या डक्टमधल्या पत्र्याचा आवाज येत होता. बाथरूमची खिडकी आता मी उघडी ठेवते.

मग तो भाग आला. तो गॅलरीत उभा राहून ओरडतो, भांडी वाजवतो, आणि खाली मुंबई चालू असते. गाड्या, माणसं, समोरच्या इमारतींच्या शेकडो खिडक्या. आवाज जात असतो, कुणी मान वर करत नाही. त्या दृश्याला मला श्वास घेता येईना. मी रिमोट उचलून चित्र थांबवलं. राजकुमार रावचं तोंड उघडं, तसंच थबकलं.

“काकू,” मी म्हणाले, “मला त्या दिवशी आवाज आला होता.”

काकूंनी पडद्यावरची नजर काढली नाही. उशीचा कोपरा बोटांनी नीट केला.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “तुझी खिडकी वाजली ना.”

मी काहीच बोलले नाही.

“खाड् करून वाजते ती. तोपर्यंत मला वाटत होतं खाली कुणीच नाही, सगळे आपापल्या कामाला गेले असतील. तांब्या ठेवूनच देणार होते. ती वाजली तेव्हा कळलं, तू घरात आहेस.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. “मग वाजवत राहिले.”

पत्र्यावर पाऊस वाढला होता. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावल्याचा आवाज आला.

“लाव पुढे,” काकू म्हणाल्या. “बघू तरी कोण येतंय ते.”